फेसलिफ्टनंतर हनुवटीखाली फुगवटा: घरी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

सोलापुरात प्लास्टिक सर्जरीच्या ड्रेसिंग रूममध्ये माझी ड्युटी असते. ऑपरेशन डॉक्टर करतात, पण "सिस्टर, हनुवटीखाली हे काय आलंय ओ?" हा फोन माझ्याकडेच येतो. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचं फेसलिफ्ट पुण्यात, मुंबईत नाहीतर हैदराबादला झालेलं असतं. आठवडाभरात ते घरी परततात आणि मग आरशासमोर उभं राहिलं की लक्षात येतं: गाल वर गेलेत, जबड्याची कड दिसायला लागलीय, पण हनुवटीखाली मात्र भरलेलं. काहींना तर ऑपरेशनच्या आधीपेक्षा जास्त भरलेलं वाटतं.

याची कारणं बरीच आहेत. त्यातली बहुतेक आपोआप जाणारी, काही सुईने सुटणारी, काही मुळात ऑपरेशनच्या आधीपासूनची, आणि एक जिवाशी खेळणारं. पेशंट मला विचारतात, "किती सूज नॉर्मल?" मी उलट विचारते, "कधी आली?" कारण फुगवट्याच्या आकारावरून फारसं काही कळत नाही, तारखेवरून बरंच कळतं.

लक्षणं

आपलं कुठल्या ओळीत बसतंय ते बघा. दोन ओळींत बसलं तरी चालेल, तसं होतं.

- पहिल्या दिवसा-दोन दिवसांत, एकाच बाजूला, तासातासाला वाढणारा ताण. ठणका. कातडी चकचकीत किंवा निळी-जांभळी.
- दोन्ही बाजूंना सारखी सूज, सकाळी जास्त, संध्याकाळपर्यंत ओसरणारी. बोटाने दाबून धरलं की खळगा राहतो.
- हनुवटीखालचा दाबपट्टा किंवा जखमेतलं रक्त-पाणी बाहेर यायला ठेवलेली नळी काढल्यावर काही दिवसांत आलेला मऊ फुगा. दुखत नाही, दाबला की सरकतो.
- जेवायला बसलं की फुगणारा भाग.
- लाली, गरमपणा, ताप, टाक्यातून पाणी किंवा पू.
- दोन-तीन आठवड्यांनंतर हाताला लागणाऱ्या कडक गाठी, वळ, दोऱ्या.
- सहा महिने उलटले, सूज कधीच गेली, तरी मध्यभागी जाडपणा किंवा जबड्याखाली दोन्हीकडे गोळे.

सगळ्यात आधी घड्याळ बघा

याला पैसा लागत नाही आणि चुकलं तर सगळ्यात महागात हेच पडतं. फेसलिफ्टनंतर होणाऱ्या त्रासांमध्ये कातडीखाली रक्त साकळणं हा सगळ्यात जास्त आढळणारा. तो बहुधा पहिल्या चोवीस तासांतच होतो. पुरुषांमध्ये प्रमाण जास्त, कारण दाढीच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो. ज्यांचं बीपी वर असतं त्यांच्यातही जास्त. भूल उतरली की बीपी चढतं, उलटी होते, खोकला येतो, संडासला कुंथावं लागतं, आणि बंद केलेली एखादी बारीक रक्तवाहिनी पुन्हा सुटते.

साध्या सुजेत दोन्ही बाजू साधारण सारख्या असतात आणि दुखणं दिवसागणिक कमी होत जातं. रक्त साकळलं की एक बाजू दुसरीपेक्षा जास्त फुगते, गोळी घेऊनही दुखणं वाढतं, पट्टा अचानक घट्ट वाटायला लागतो, पेशंट उगीच अस्वस्थ होतो, उठ-बस करतो. आवाज बदलला, गिळताना अडायला लागलं किंवा श्वास लागला, तर पुढचं काहीही वाचत बसू नका. पेशंटला ताठ बसवा, पट्टा सैल करा, पाण्याचा घोटसुद्धा देऊ नका (पुन्हा भूल द्यावी लागू शकते), सर्जनला फोन लावा आणि त्याच वेळी निघा. 108 ला फोन करा किंवा दारात गाडी असेल तर गाडी काढा.

आणि हे सोलापूरकरांसाठी खास: अशा वेळी पुण्याचा रस्ता धरायचा नाही. ऑपरेशन तिकडे झालं म्हणून तिकडेच जायचं असा हट्ट घरचे धरतात. पुणे अडीचशे किलोमीटर आहे. साकळलेलं रक्त मोकळं करणं हे तातडीचं काम आहे, ते सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत किंवा जवळच्या चोवीस तास ऑपरेशन थिएटर चालू असणाऱ्या हॉस्पिटलात आधी होऊ दे. तुमच्या सर्जनने इथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलावं. खरं तर पहिला आठवडा ऑपरेशनच्या गावातच एखाद्या पाहुण्याकडे काढावा, असं मी आधी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. टाके काढूनच या.

पहिले दोन दिवस सुखरूप गेले की मोठी भीती बरीच कमी होते. पुढच्या तपासण्या निवांत करा.

फोटो, पण नीट

सूज तिसऱ्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त असते, मग उतरायला लागते. रोज आरशात बघणाऱ्याला उतरलेली कळतच नाही. म्हणून खिडकीसमोर, एकाच जागी उभं राहून, नजर समोर ठेवून, दुसऱ्या कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. सकाळी एक, संध्याकाळी एक, आठवड्यातून दोनदा. स्वतः मोबाईल खाली धरून काढलेल्या सेल्फीत पंचविशीतल्या पोरीलाही डबल चिन येते. ती धरू नका.

फोटोंवरून मला तीनच गोष्टी बघायच्या असतात: दोन्ही बाजू सारख्या आहेत का, सकाळ-संध्याकाळ फरक पडतो का, आणि आठवड्यापूर्वीपेक्षा आज कमी आहे का. तिन्हींचं उत्तर "हो" असेल तर ती साधी सूज आहे. ती दोन-तीन आठवड्यांत बरीच जाते, उरलेली तीन महिन्यांपर्यंत रेंगाळते, आणि शेवटची थोडीशी जायला सहा महिने ते वर्षही लागतं. पोरीच्या लग्नाआधी महिनाभर फेसलिफ्ट करून घेणाऱ्या आयांनी हे आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

उशी

माझ्याकडे आलेल्या किती तरी फुगवट्यांचं मूळ उशीत निघालं आहे, म्हणून इथे जरा थांबते.

फेसलिफ्टमध्ये कानापुढून आणि कानामागून चिरा घेऊन कातडी उचलतात, खालचा थर वर ओढून टाके घालतात. तेव्हा कातडीखालच्या बारीक लिम्फ वाहिन्या तुटतात. ऊतींमधलं पाणी याच वाहिन्यांतून परत जात असतं. त्या पुन्हा जुळेपर्यंत पाणी उताराला लागतं, आणि चेहऱ्याचा उतार संपतो हनुवटीखाली. म्हणजे गालाची सूजसुद्धा शेवटी तिथेच येऊन बसते.

म्हणूनच हॉस्पिटलात सांगतात, "डोकं उंच ठेवून झोपा." घरी येऊन माणूस काय करतो? डोक्याखाली दोन-तीन जाड उशा. त्याने डोकं उंच होतं खरं, पण मान पुढे मोडते आणि हनुवटी छातीला टेकते. रात्रभर हनुवटीखाली घडी पडते, त्या घडीच्या वर पाणी अडतं, आणि सकाळी उठून बघावं तर फुगलेलं. सूचना पाळूनही त्रास होतो म्हणून पेशंट वैतागतो.

उंची कंबरेपासून द्यायची, मानेपासून नाही. साधारण 30 ते 45 अंशांचा उतार हवा. घरात सोलापुरी चादरी असतातच. दोन-तीन चादरींच्या घड्या पाठीखाली पायरीने रचा, खांदे त्यावर आले पाहिजेत, आणि डोक्याखाली एक पातळ उशी. मानेखाली टर्किश टॉवेलची छोटी गुंडाळी. मग कुणाला तरी बाजूने बघायला सांगा: हनुवटीच्या खाली हाताची चार बोटं आडवी सहज मावली पाहिजेत. मावत नसतील तर उशी काढा. आरामखुर्ची असेल तर पहिले काही दिवस तिच्यातच झोपलं तरी चालतं. कुशीवर झोपणं टाळा.

दिवसाही तेच. मोबाईल डोळ्यांसमोर धरा. पारायणाला बसणाऱ्या काकूंनी पोथी उंच ठेवावी, भाजी निवडायला खाली बसू नये, टेबलावर घ्यावी. चार-पाच दिवस असं करून पाहा. सकाळचा फुगवटा कमी झाला तर कारण सापडलं.

पट्टा

हनुवटीखालून कानावरून जाणारा जो दाबपट्टा देतात, तो किती दिवस घालायचा हे प्रत्येक सर्जन वेगळं सांगतात. तुमच्या कागदावर लिहिलंय तेच धरा. मी फक्त तो कसा बसलाय ते बघते.

पट्टा आणि कातडी यांच्यात दोन बोटं थोडी अडत का होईना, पण गेली पाहिजेत. जातच नसतील तर पट्टा इतका घट्ट आहे की पाण्याचा उलटा रस्ताही बंद होतो, शिवाय उचललेल्या कातडीचा रक्तपुरवठा आधीच नाजूक असतो, तो आणखी कमी होतो. कातडी पांढरी किंवा काळपट पडायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उलट पट्टा सैल होऊन खाली घसरला असेल तर त्याची वरची कड बरोबर हनुवटीखाली रुतते आणि कडेच्या वर फुगा तयार होतो.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, पट्ट्याखाली घामाच्या धारा लागतात. होटगी रोडच्या एक बाई घाम टिपायला पट्ट्याखाली रुमालाची घडी ठेवत होत्या. हनुवटीखाली एक आडवा, सरळ उंचवटा आला म्हणून घाबरून आल्या. पट्टा काढला तर उंचवट्याची कड आणि रुमालाची कड तंतोतंत जुळत होती, रुमालाच्या शिलाईचे टाकेसुद्धा कातडीवर उमटलेले. रुमाल काढला, आठवड्यात उंचवटा गेला. घामासाठी दोन पट्टे आलटून पालटून वापरा, धुऊन पूर्ण वाळवून घाला. मध्ये काही भरू नका.

ताट आणि औषधांचा डबा

मीठ पाणी धरून ठेवतं, हे काही नवीन नाही. पण आपल्या ताटात मीठ कुठून येतं ते मोजा: शेंगाचटणी, लोणचं, पापड, ठेचा, खारे शेंगदाणे, संध्याकाळचा फरसाण. पहिले तीन-चार आठवडे हे आवरा. पाणी मात्र कमी करू नका. कडक भाकरी तर पहिले दोन आठवडे नकोच. ती चावताना जबड्याचे स्नायू जोर लावतात, आणि त्यांच्यावरचेच थर नुकते शिवलेले असतात. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खा, वरण-भात खा.

मग डबा उघडा. रक्त पातळ करणारी गोळी कुणाची चालू आहे का? असेल तर स्वतःहून बंद करू नका, स्टेंट असलेल्याला ते भारी पडेल, पण सर्जनला आणि हृदयाच्या डॉक्टरांना दोघांना माहीत असलं पाहिजे. लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई यांनीही रक्तस्राव वाढू शकतो. लोक यांना औषध मानतच नाहीत, म्हणून सांगतही नाहीत. मेडिकलवर मिळणारी "सूज उतरायची गोळी" हा वेगळाच ताप आहे. तिच्यात बहुधा वेदनाशामक असतं, आणि पहिल्या दिवसांत त्यातली काही औषधं रक्त न गोठण्याला हातभार लावतात. लघवीची गोळी घेऊन ही सूज जात नाही, कारण अडचण शरीरात पाणी जास्त झाल्याची नाही, वाट बंद झाल्याची आहे.

बीपीची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून सोडलेली असते, तीही बघा. घरातलं डिजिटल मशीन काढा आणि सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. तंबाखू, गुटखा, सिगारेट, आणि हो, मिश्रीसुद्धा. मिश्री लावणाऱ्या बायका "मी तंबाखू खात नाही" असं अगदी खरेपणाने सांगतात. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, कातडी जगायला अडचण येते, जखम रेंगाळते आणि सूजही.

शेवटी वजनकाटा. ऑपरेशननंतर घरी बसून तीन-चार किलो वाढलेले असतील तर त्यातलं थोडं हनुवटीखालीही जमतं. थायरॉईडची गोळी चुकत असेल तर चेहरा तसाही सुजकट दिसतो.

बोटांनी

हात साबणाने धुऊन, आणि हलक्या हाताने. लक्षात ठेवा, कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंतची कातडी काही महिने बधिर असते. किती जोराने दाबताय ते तुम्हाला कळणार नाही. याच कारणाने तिथे बर्फ थेट लावायचा नाही आणि गरम पाण्याच्या पिशवीचा शेक तर मुळीच नाही. शेकून कातडी भाजलेली मी पाहिली आहे. पेशंटला फोड दिसेपर्यंत पत्ता नव्हता.

एक बोट दहा सेकंद दाबून धरा. खळगा राहिला आणि हळूहळू भरला तर साधी सूज, वर सांगितलेले उपाय पुरेत. दोन बोटं दोन कडांना ठेवून एकाने हलकं दाबा. दुसऱ्या बोटाला लाट लागली, अर्धी भरलेली पाण्याची पिशवी हातात धरल्यासारखं वाटलं, तर आत पाणी साठलंय. ते बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कळतं. थोडंसं असेल तर शरीर ते ओढून घेतं, पण हे थोडं आहे की जास्त, ते घरी ठरवायचं नाही.

जेवणाच्या वेळेचा फुगा वेगळा. कानापुढे आणि जबड्याखाली लाळेच्या ग्रंथी असतात. ऑपरेशनमध्ये ग्रंथीच्या आवरणाला इजा झाली किंवा ग्रंथीचा तुकडा काढला असेल तर लाळ बाहेर झिरपून कातडीखाली साठते. आंबट काही खाल्लं, नुसता चिंचेचा वास आला तरी भाग भरून येतो. हे ओळखायला दोन दिवस जेवणाआधी आणि नंतर फोटो काढून ठेवा. डॉक्टरांचं काम अर्धं होतं.

आणखी एक. थुंकी गिळताना किंवा जीभ बाहेर काढताना गोळा वर-खाली होत असेल, तर त्याचा फेसलिफ्टशी संबंध नसण्याचीच शक्यता जास्त, थायरॉईडकडे बघावं लागेल. दाढ किडलेली असली की हनुवटीखाली अवधाण येतं. आणि तंबाखू-गुटख्याची सवय असणाऱ्याच्या जबड्याखाली न दुखणारी, कडक, तीन आठवड्यांत न गेलेली गाठ असेल तर "ऑपरेशनची असेल" म्हणून सोडून देऊ नये. तोंड तपासून घ्या. गरज वाटली तर डॉक्टर गाठीतून सुईने पेशी घेऊन तपासायला पाठवतील.

घरची तपासणी इथे संपली. पुढच्या सगळ्या गोष्टी क्लिनिकमध्ये.

सोनोग्राफी आणि सुई

हाताला शंका आली की डॉक्टर गळ्याची सोनोग्राफी सांगतात. पोटाच्या सोनोग्राफीसारखीच, सोलापुरात कुठेही होते, दुखत नाही, रेडिएशन नाही. पाणी आहे, रक्ताची गाठ आहे, लाळग्रंथी आहे, अवधाण आहे की नुसती चरबी, एवढं त्यात वेगळं दिसतं. सिटी स्कॅन किंवा एमआरआयची वेळ क्वचित येते. स्वतःहून करून आणू नका, पैसे जातात.

पाणी निघालं तर सुईने ओढतात. माझ्या हातातल्या ट्रेमध्ये सिरिंज भरत जाते तेव्हा मी रंग बघते. गवताच्या काडीसारखं फिकट पिवळं, पारदर्शक आलं की निश्चिंत. गडद तांबडं आलं तर जुनं रक्त आता पातळ झालंय. गढूळ आलं तर कल्चरला, म्हणजे त्यात कुठला जंतू आहे ते तपासायला पाठवतात. पाण्यासारखं स्वच्छ, थोडं चिकट आणि जेवणाशी संबंध सांगणारी हकीकत असेल तर त्यात अमायलेज (लाळेतलं पाचक द्रव्य) किती ते बघतात. ते खूप जास्त निघालं की लाळ नक्की.

सुई टोचली म्हणजे एकदाच सुटलं असं नाही. पाणी पुन्हा भरतं, पुन्हा काढावं लागतं, मध्ये पट्टा नीट बांधावा लागतो. "परत भरलं म्हणजे डॉक्टरांना जमलं नाही" असं म्हणून दवाखाना बदलणाऱ्यांचं काम लांबतं, कारण नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सुरू होतं. लाळेचं पाणी असेल तर दाब, आंबट-तिखट बंद, आणि गरज पडली तर ग्रंथी काही काळ शांत करायला बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. बहुतेक वेळा काही आठवड्यांत बंद होतं. घरी सुई टोचायची नाही, हे लिहावं लागू नये, पण इन्सुलिनच्या सिरिंजने प्रयत्न करून आलेले लोक आहेत, म्हणून लिहिलं.

लाली, ताप, पू असेल तर थांबायचंच नाही, त्याच दिवशी दाखवायचं. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घरात असतात त्या सुरू करू नका. अर्धवट औषधाने पू दबतो आणि कल्चरमध्ये जंतू सापडत नाही.

कडक गाठी

दोन-तीन आठवड्यांनी सूज उतरली की खाली खडे लागल्यासारखं होतं आणि पेशंट पहिल्यापेक्षा जास्त घाबरतो. हे भरून येणाऱ्या जखमेचं काम आहे. आतले टाके, साकळलेल्या रक्ताचे बारीक थेंब, नवीन तयार होणारा वण. तीन महिन्यांपर्यंत हे मऊ होत जातं. मालिश कधी सुरू करायची हे सर्जनने सांगितल्यावरच, आणि तेल लावून रगडायचं नाही, बोटांच्या पेरांनी हलकं, कानाच्या दिशेने. पार्लरमधल्या फेशियल मसाजने ही गाठ जात नाही, उलट नुकती चिकटलेली कातडी सुटू शकते. तीन महिन्यांनंतरही एखादी गाठ तशीच राहिली तर डॉक्टर स्टेरॉईडचं बारीक इंजेक्शन देतात. ते हिशेबाने द्यावं लागतं, जास्त झालं तर तिथे खड्डा पडतो.

सहा महिने झाले तरी आहेच

आता तो फुगवटा सूज नाही. जे आहे ते शरीराचं आहे, आणि बहुधा ऑपरेशनच्या आधीही होतं.

फेसलिफ्टची ओढ गालाला आणि जबड्याच्या कडेला लागते. गळ्याच्या मध्यभागापर्यंत ती पोचते, पण कमजोर होऊन. मध्यभाग नीट करायचा तर हनुवटीखाली वेगळी छोटी चीर घेऊन गळ्याचा पातळ स्नायू मधोमध शिवावा लागतो. मिनी लिफ्ट (छोट्या चिरेचं फेसलिफ्ट) आणि दोऱ्यांच्या लिफ्टमध्ये हे सहसा होत नाही. म्हणजे गाल आवरले गेले, हनुवटीखालचं तेवढंच राहिलं, आणि आता शेजारी नीटनेटका जबडा असल्यामुळे ते डोळ्यांत भरतं.

आरशासमोर एक चाचणी करता येते. हनुवटीखालची कातडी चिमटीत धरा. मग दात विचकून "ई" म्हणत गळ्याच्या शिरा ताणा. तरीही चिमटीत तेवढाच जाडपणा राहिला तर चरबी स्नायूच्या वर आहे, लायपोसक्शनने, म्हणजे नळीने ओढून, निघण्यासारखी. चिमटीत फारसं काही उरलं नाही, पण जाडपणा दिसतोच, तर तो स्नायूच्या मागे आहे. तिथली चरबी लायपोसक्शनच्या नळीला लागत नाही, ती उघडून काढावी लागते. चरबी विरघळवणारं डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन, ज्याला अमेरिकेत 2015 साली मान्यता मिळाली, तेही स्नायूच्या वरच्या चरबीसाठीच आहे. मागच्या फुगवट्यासाठी ते घेऊन फक्त नवीन सूज विकत मिळते.

मध्यभागी जाडपणा नाही, पण जबड्याखाली दोन्हीकडे गोल उंचवटे आहेत? त्या बहुधा जबड्याखालच्या लाळग्रंथी. वयाबरोबर त्या खाली येतात. आधी चरबीत झाकलेल्या असतात, चरबी काढली की उघड्या पडतात. ग्रंथी छाटायची की नाही यावर सर्जनांची मतं वेगळी आहेत, कारण तिथे रक्तस्रावाचा धोका असतो. उलट मध्यभागातली चरबी गरजेपेक्षा जास्त काढली तर मध्ये खोलगा आणि बाजूंना उंचवटे असा गळा दिसतो. आणि काही जणांची हनुवटी मुळातच मागे असते किंवा गळ्यातलं हायॉईड हाड खाली असतं. त्यांना काटकोनी गळा कुठलंच फेसलिफ्ट देणार नाही. हे ऑपरेशनच्या आधी फोटोवर बोट ठेवून सांगितलेलं असलं की नंतर भांडण होत नाही.

दुसऱ्या ऑपरेशनचा विचार सहा महिने ते वर्षाच्या आत करू नका. ऊती मऊ व्हायला तेवढा वेळ लागतो, त्याआधी हात घातला तर नसांना इजा व्हायचा धोका वाढतो. खालच्या ओठाचा कोपरा हलवणारी नस जबड्याच्या कडेनेच जाते. दुसरं मत घ्यायचं तर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. झालेल्यांचं घ्या. "एका सिटिंगमध्ये काढून देतो" म्हणणाऱ्याच्या पाटीवर डिग्री कुठली आहे ते वाचा.

दाखवायला जाताना

डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा नुसतं "फेसलिफ्ट" एवढंच लिहिलेलं असतं. मूळ हॉस्पिटलकडून ऑपरेशन नोट मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. इथल्या डॉक्टरांना चार गोष्टी हव्या असतात: हनुवटीखाली चीर घेतली होती का, स्नायू शिवला का, चरबी कुठल्या थरातून काढली, आणि लाळग्रंथीला हात लावला का. सोबत ऑपरेशनच्या आधीचे बाजूचे फोटो, चालू गोळ्यांची पाकिटं (नावं आठवून सांगू नका, पाकिटंच आणा), बीपीची वही, आणि फुगवटा पहिल्यांदा दिसला ती तारीख. पट्टा घालून या, काढून नको. तो कसा बसलाय ते मला बघायचं असतं.